बाईसाहेबांचं होईपर्यंत

ठिपकीच्या दुधात पुन्हा गुठळ्या आल्या तेव्हा धाकटीने काळी वाटी लगेच कुणाला दाखवली नाही. सासऱ्यांनी कधीकाळी ती वाटी आतून काळी रंगवून घेतली होती, दुधातलं काय ते नीट दिसावं म्हणून. मागच्या उजव्या सडातली धार तिच्यात पाणचट पडली होती आणि वर नासलेल्या दुधासारखे कण तरंगत होते. कासेचा तो कप्पा हाताला कढत लागत होता. दाबून पाहिला तर दगड. म्हणून तर या आजाराला दगडी म्हणतात, आणि म्हणूनच गेलं वर्षभर हा शब्द या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नव्हतं.

ठिपकीने लाथ झाडली नाही. नुसती मान वळवून पाहिलं.

"कळतंय गं मला," धाकटी म्हणाली. आणि खरंच कळत होतं. बाळ महिन्याचं असताना तिचीही छाती अशीच भरून तापली होती. पदराचा स्पर्श सोसवत नव्हता.

"वाटी लपवून काय होणार?" मागून थोरला म्हणाला. हा तिचा मोठा दीर. गोठ्याचं सगळं त्याच्याकडे. तो गव्हाणीला टेकून उभा होता, म्हणजे बराच वेळ उभा असणार. "मी व्यापाऱ्याला सांगून आलोय. बाजाराच्या दिवशी सकाळी येऊन घेऊन जाईल."

"ठिपकीला?"

"मग काय मला?"

ती हसली नाही, तसा तोही हसला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. वर्षभरात ही तिसरी खेप. दर वेळी इंजेक्शनं दिली, सडात औषध सोडलं, आठवडाभर दूध मोरीत ओतलं. बरी झाली आणि पुन्हा पडली. त्यात मागच्या वेळी औषधाचं दूध चुकून दह्याच्या पातेल्यात गेलं आणि विरजण लागलंच नाही. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात या घरचं दही जातं. तिथल्या बाईंनी ती पातेली न बोलता परत पाठवली, आणि त्या न बोलण्याचीच सगळ्यांनी धास्ती घेतली होती.

"म्हणूनच या वेळी इंजेक्शन नको, दादा," धाकटी म्हणाली. "दुसरं करून बघू. डॉक्टरांना बोलावलंय मी."

"तू बोलावलंस?"

"हो."

थोरल्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाळानेच उठून हिशेबाची गोष्ट काढली होती. मग तो म्हणाला, बघ काय बघायचं ते, पण व्यापाऱ्याला दिलेला शब्द मी मागे घेणार नाही.

ठिपकी ही काही गोठ्यातली नुसती एक गाय नव्हती. धाकटी लग्न होऊन आली त्या वर्षी ठिपकी जन्मली, आणि तिची आई लगेच गेली. सासऱ्यांच्या बहिणीने, म्हणजे आत्यांनी, दुधाची बाटली नव्या सुनेच्या हातात दिली होती आणि म्हटलं होतं, घे, तुलाही बोलायला कुणी नाही आणि हिलाही. ते वर्ष धाकटीने ठिपकीशी बोलून काढलं.

*

डॉक्टर हा या घरचा जावई. जावई म्हणून आला की पुढच्या दाराने येई आणि खुर्चीत बसे. गुरांचा डॉक्टर म्हणून आला की मागच्या दाराने, गमबूट घालून थेट गोठ्यात. आज तो मागच्या दाराने आला.

त्याने ठिपकीचा ताप पाहिला, पोटाला कान लावला, कासेवरून सावकाश हात फिरवला. ताप नव्हता. चारा खात होती. तो म्हणाला, मागच्या खेपेला तपासायला नेलेल्या दुधात जो जंतू निघाला, त्याला आपलं नेहमीचं औषध आता जुमानत नाही. आपणच त्याला सवय लावली. आजार अंगभर पसरला नसेल तर पुष्कळ गायी नुसतं दूध तुंबू न देता सावरतात. पण त्यासाठी माणूस लागतो, बाटली नाही.

"माणूस आहे," धाकटी म्हणाली.

"दिवसातून अनेकदा तो सड हाताने रिकामा करायचा. शेवटच्या थेंबापर्यंत. सूज असेल तोवर गार पाण्याच्या घड्या, सूज उतरली की मालीश. दुखणं कमी व्हायचं औषध मी देतो, ते वेगळं. ते दूध वासराला नाही, माणसाला नाही, दह्याला तर नाहीच. आणि एक ऐकून ठेव. ताप चढला किंवा तिने खाणं सोडलं, तर मी इंजेक्शन देणार. तेव्हा माझ्याशी हट्ट करायचा नाही."

"नाही करणार."

"हिचा हट्ट तुम्हाला माहीत नाही," धाकटा म्हणाला. तो तिचा नवरा, दह्याची गाडी चालवायचा. खांद्यावर बाळ घेऊन तो दारात उभा होता. "लग्नाला नाही म्हणत होती, तरी झालं ना."

थोरली जाऊ फडकं पिळता पिळता हसली. आत्या हसल्या नाहीत. त्या नेहमीच्या जागी उभ्या होत्या, रांगेच्या सुरुवातीला, बाईसाहेबांच्या पाठीवर हात ठेवून.

बाईसाहेब म्हणजे गोठ्यातली सर्वांत म्हातारी गाय. हे नाव धाकट्यानेच ठेवलेलं. तिचं चालणं तसं होतं. वाटेत बादली आली तर बादली सरकवावी लागे, बाईसाहेब सरकत नसत. धार पहिली तिची. मशीन लागलं की आधी तिला लागायचं, मग तिच्या शेजारच्या ठिपकीला, मग ओळीने बाकीच्यांना. ठिपकी ही बाईसाहेबांची नात, म्हणून ती जागा धाकटीनेच मागून घेतली होती.

डॉक्टरने पिशवीतून चार खळगे असलेली पांढरी थाळी काढली आणि साबणाच्या पाण्यासारखं दिसणाऱ्या औषधाची बाटली. तो म्हणाला, आलोच आहे तर सगळ्यांचं बघतो. हे वारंवार येतंय म्हणजे कुठून तरी येतंय.

तो मागच्या दाराने आलेला होता, त्यामुळे त्याने सुरुवात रांगेच्या शेवटाकडून केली. प्रत्येक सडाचं थोडं दूध प्रत्येक खळग्यात, त्यात औषध, मग थाळी हातात धरून हळूहळू गोल फिरवायची. दूध चांगलं असेल तर पाण्यासारखं सळसळतं राहतं. बिघडलेलं असेल तर दाटून येतं.

शेवटची गाय स्वच्छ. तिच्या अलीकडची स्वच्छ. पुढच्या दोन्हीही. धाकट्याने बाळाला सांगितलं, बघ, सगळ्या पास. मग रांगेच्या मध्यावर एका खळग्यात दूध किंचित जडावलं. डॉक्टरने थाळी पुन्हा फिरवली. पुढच्या गाईला त्याहून जास्त. ठिपकीचं तर माहीतच होतं, थाळी फिरवेपर्यंत मागच्या उजव्या सडाचं दूध गोळा झालं.

मग राहिल्या बाईसाहेब. त्यांच्या दुधात कधी गुठळी नव्हती. कास मऊ, ताप नाही, डोळे टवटवीत. डॉक्टरने थाळी फिरवली. मागच्या डाव्या सडाचं दूध खळग्यात फिरलंच नाही. अंड्याच्या पांढऱ्यासारखं ते एकत्र आलं, मध्ये उंच झालं, आणि थाळी कलती केली तेव्हा सबंधच्या सबंध घसरून काठापर्यंत आलं.

 शेवटाकडून सुरुवातीकडे, स्वच्छपासून घट्टपर्यंत, सगळ्यांनी ती रांग आत्ताच डोळ्यांनी चालून पाहिली होती.

थोरलीचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. तिच्या हातात तेच फडकं होतं, ज्याने ती रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या कासा पुसायची. फडकं एक, बादली एक. पहिली कास बाईसाहेबांची. गोठ्यातली स्वच्छता हा तिचा अभिमान होता, पाहुण्यांना ती सांगायची की आमच्याकडे पुसल्याशिवाय धार काढत नाहीत. तिने फडकं हळूच पाठीमागे नेलं.

डॉक्टरने सांगितलं ते थोडक्यात असं. काही गायी आजारी दिसत नाहीत, पण जंतू त्यांच्या एखाद्या सडात मुरून बसलेला असतो. फडक्यातून, हातातून, मशीनच्या नळीतून तो पुढच्या गाईकडे जातो. ठिपकी बरी झाली तरी रोज सकाळी तिला तो नव्याने मिळत होता. म्हाताऱ्या गाईच्या सडात मुरलेला जंतू औषधानेही सहसा जात नाही.

"मग करायचं काय?" थोरल्याने विचारलं.

डॉक्टरने आत्यांकडे पाहिलं, आणि बघता बघता तो डॉक्टर राहिला नाही, जावई झाला. "निरोगी गाय आधी," तो गमबुटाकडे बघत म्हणाला. "आजारी नंतर. आणि जिच्यापासून सुरू होतं ती... ते तुम्ही घरातले ठरवा."

"चहा घेऊन जा, जावईबापू," आत्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

संध्याकाळी धाकटीने ठिपकीचा सड रिकामा करायला घेतला. गार पाण्याच्या घड्या ठेवून झाल्या होत्या. पण दुखण्याने ठिपकी अंग चोरत होती, दूध वर ओढून धरत होती. हाताला चार थेंब येत आणि थांबत. मागचे पाय थरथरत होते.

थोरली आली आणि न विचारता ठिपकीचं वासरू सोडून घेऊन आली. तिने ते ठिपकीच्या पुढ्यात बांधलं, तोंड पोहोचेल पण कास पोहोचणार नाही अशा बेताने. वासरू हंबरलं. ठिपकीने त्याची मान चाटायला सुरुवात केली, आणि धाकटीच्या बोटांखाली काहीतरी सैल झालं. पान्हा सुटला. आधी घाण निघाली, पिवळट, तारा सुटणारी, मग पाणी, मग पाण्यात थोडं दूध. त्याच क्षणी घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि धाकटीचाही पदर ओला झाला.

"एक गाय पुरत नव्हती," थोरली म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की ठिपकीने चाटणं थांबवून मागे पाहिलं.

हसणं ओसरल्यावर थोरलीने विचारलं, "आत्यांना कोण सांगणार?"

"दादा सांगतील ना."

"ते नाही सांगणार. तुला ठाऊक नाही."

धाकटीला ते अर्धंच ठाऊक होतं. थोरलीने उरलेलं सांगितलं, ठिपकीची पाठ खाजवत. आत्या सासर सोडून परत आल्या त्या चालत आल्या होत्या. हातात एक दावं, दाव्याला एक कालवड, एवढंच त्यांचं. शेजारी बघायला जमले होते. सासरे बाहेर आले, बहिणीला काही विचारलं नाही. गोठ्याच्या पहिल्या जागेवरची आपली गाय सोडली, तिथे ती कालवड, म्हणजे याच बाईसाहेब, बांधली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की ही व्याली की या घरात पहिली धार हिची. गाईबद्दल बोलत नाहीत हे सगळ्यांना कळलं. त्या दिवसापासून घरातलं पहिलं ताटही आत्यांचं.

"आणि त्यांच्या दोरीला धरून तेव्हा कोण उभं होतं माहिताय?" थोरली म्हणाली. "आमचे हे. शाळेच्या कपड्यांत."

*

जेवायला सगळे बसले तेव्हा थोरल्याने आत्यांचं ताट स्वतः वाढलं. रोज थोरली वाढायची. आज त्याने वाढलं, आणि वाढताना ते जरा जास्तच काळजीने त्यांच्यापुढे ठेवलं.

बोलणं गाडीच्या टायरवरून सुरू झालं आणि तिथेच रेंगाळलं. धाकट्याने एकदा प्रयत्न केला. तो म्हणाला, बाईसाहेबांना नवा हुकूम कळवायचा तर मला पाठवू नका, मी त्यांच्या शिंगांच्या टप्प्यातसुद्धा जात नाही. कुणी हसलं नाही तेव्हा त्याने आणखी भाजी मागितली.

थोरल्याच्या मनात गोष्ट पक्की झालेली होती. ठिपकी जाईल. दोन-तीन गायींचं जरा बिघडलेलं आहे, ते सांभाळून घेऊ. रांग आहे तशी राहील. धाकटी आपल्याला दगडाच्या काळजाचा समजते, हे त्याला दिसत होतं. समजू दे. वडील गेले तेव्हा त्यांनी घर, गोठा, काहीच नीट सोपवलं नव्हतं. जे सोपवलं होतं ते फार आधी, त्या एका दुपारी, एका दोरीच्या रूपात. त्याने ते आजवर मोडलं नव्हतं आणि एका तरुण गाईसाठी मोडणारही नव्हता.

"बाजाराच्या दिवशी ठिपकीला न्यायला येतील," तो सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बाकी काही बदलायचं नाही."

आत्या जेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी चादरी फाडतेय," थोरली म्हणाली.

"काय?"

"फडकी करायला. प्रत्येक गाईला वेगळं. दोन जुन्या चादरी काढल्यात, कमी पडल्या तर तुमचे सदरे आहेत." तिने नवऱ्याकडे न बघता पाणी ओतलं. "बाकी काही बदलायचं नाही ते ठीक. फडकं मात्र बदलणार. ते माझ्या हातात असतं."

इतक्या वर्षांत जेवताना तिने नवऱ्याच्या शब्दावर शब्द ठेवला नव्हता. धाकट्याने चमचा हातात तसाच धरून ठेवला. थोरला काही बोलणार होता, मग त्याला वाटलं असावं की चादरींवरून भांडणं शोभणार नाही.

*

बाळ आत्यांच्या खोलीत झोपायचं. त्यांच्या मांडीवर ते पटकन झोपे, आणि मग उचलून न्यायला धाकटी जाई. आज ती गेली आणि उभीच राहिली. आत्या बाळाला थोपटत होत्या. दिवा बारीक होता.

"बोल," आत्या म्हणाल्या. "दारात उभं राहून गोष्टी लहान होत नाहीत."

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. तिने ठरवून आलेली वाक्यं होती, त्यातलं पहिलंच तिला आठवेना. मग ती म्हणाली, "बाईसाहेबांना शेवटी घ्यावं लागेल, आत्या."

"ते कळलं मला. मी काही आंधळी नाही. थाळी माझ्याही समोरच फिरली."

"मग?"

आत्यांचा हात थोपटता थोपटता थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "तुला सांगू? माणसाला घरातून एकदम कुणी काढत नाही. आधी ताट उशिरा येतं. मग खोली बदलतात, उजेड चांगला येतो म्हणून. मग कुणीतरी म्हणतं, तुमचं काय आता, कुठेही चालेल. मी हे सगळं एका घरात पाहून आलेय. आज गाय शेवटी. उद्या म्हणतील, दोन भांडी दूध देते आणि सगळ्यांना आजारी पाडते, कशाला ठेवायची? खोटंही नसेल ते. जावईबापूंनी तोंडात आलेलं गिळलं, मी बघितलं ना."

"कुणी तसं म्हटलं तर मी बघेन."

"तू?"

"हो, मी." धाकटी पलंगावर पुढे सरकली. "तिचा तो सड आटवून टाकू, बाकीच्या तिन्ही सडांची धार मी हाताने काढीन. मशीन लावायचंच नाही तिला. ठिपकीचंही मी करतेय, तिचंही करीन. दोघींतली एकही बाजारात जाणार नाही. पण एकीच्या मानासाठी दुसरीने जायचं, हे मला नाही जमणार. आत्या, ठिपकीची बाटली माझ्या हातात तुम्ही दिली होती."

"ओरडू नकोस, बाळ उठेल."

धाकटी ओरडली नव्हती.

"घेऊन जा त्याला," आत्या म्हणाल्या. "झोपलाय."

बाळ उचलताना धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. आपण काय केलं ते तिला कळेना. बाळाला निजवून ती गोठ्यात गेली, कारण ठिपकीचा सड पुन्हा रिकामा करायची वेळ झाली होती.

*

पहाटे गोठ्याचं दार रोज आत्याच उघडत. त्या दिवशीही त्यांनीच उघडलं. थोरला मशीन जोडत होता. थोरली फाडलेल्या चादरींची फडकी ओळीने मांडत होती. धाकटी ठिपकीच्या घड्या बदलत होती.

आत्यांनी बाईसाहेबांचं दावं सोडलं.

थोरल्याचा हात नळीवर थांबला. "आत्या, काय करतेस?"

"फिरवते तिला जरा."

बाईसाहेब दोन पावलं आल्या आणि अडल्या. इतकी वर्षं त्यांना या वेळी कुणी हलवलं नव्हतं. त्यांनी मान वळवून आपल्या रिकाम्या गव्हाणीकडे पाहिलं आणि मोठ्याने हंबरल्या. आत्यांनी ओढलं नाही. गाईच्या कानाशी त्या काहीतरी बोलल्या, बाकी कुणाला ऐकू गेलं नाही. मग दोघी चालू लागल्या. ठिपकीवरून, मधल्या गायींवरून, त्या शेवटच्या भिंतीपर्यंत. प्रत्येक गाय मान वर करून बघत होती.

"कर सुरू," आत्या दावं बांधत म्हणाल्या. "त्या टोकाच्या पांढरीपासून. ठिपकी हिच्या आधी."

"आत्या, याची काही गरज नाही. बाबांनी..."

"तुझ्या बाबांनी मला मान दिला होता, गाईला जंतू दिला नव्हता." त्या त्याच्याकडे वळल्या. "आणि दोरी तू सोड आता. किती वर्षं धरून उभा आहेस."

थोरला खाली वाकला आणि मशीनचं झाकण उगाचच काढून पुन्हा लावू लागला.

धार सुरू झाली. बाईसाहेब हंबरत राहिल्या. मशीनच्या आवाजावरून त्यांना कळत होतं की आपल्यावाचून सगळं चाललं आहे. प्रत्येक गाईची धार संपली की हंबरण्याचा आवाज वाढे. तो सहन होण्यासारखा नव्हता. थोरलीचे डोळे भरले, पण ती कास पुसत, फडकं टाकत, नवं घेत पुढे जात राहिली. आत्या भिंतीशी ताठ उभ्या होत्या.

सगळ्या झाल्यावर, ठिपकीचंही झाल्यावर, थोरल्याने मशीन बंद केलं. रोज या वेळी सगळे हात धुऊन चहाला आत जात. मागे राहिलेलं काम एकट्याने उरकायचं, अशी रीत. धाकट्याने सवयीने दाराकडे पाऊल टाकलंसुद्धा.

"कुठे निघालास?" थोरल्याने विचारलं.

"चहा."

"बाईसाहेबांचं व्हायचंय अजून."

त्याने एक बादली पालथी घालून भिंतीजवळ ठेवली, तिच्यावर बसला आणि हात गुडघ्यांवर ठेवले. थोरली गव्हाणीच्या कठड्यावर टेकली. धाकट्याने बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. धाकटी भांडं घेऊन पुढे झाली, तेव्हा आत्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"माझी गाय मी काढते," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. पहिली धार भांड्याच्या तळावर वाजली तेव्हा हंबरणं थांबलं.

*

पुढचे दिवस सारखेच गेले. गार घड्यांनंतर मालीश, मालीशनंतर पुन्हा रिकामं करणं, वासरू पुढ्यात, बाळ कुणाच्या तरी कडेवर. धाकटी बसल्या जागी झोपायची. तिला उठवायला कधी थोरली येई, कधी धाकटा. एकदा मधल्या वेळी ती दचकून उठली, उशीर झाला म्हणून धावली, तर ठिपकीजवळ थोरला बसलेला होता. त्याचे मोठे हात फार सावकाश चालत होते. त्याने वर पाहिलं नाही. "पान्हा सोडत नव्हती," तो म्हणाला. "वासराला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे." ती परत जाऊन झोपली.

डॉक्टर येऊन गेला. त्याने सांगितलं की ठिपकीचा सड पूर्वीइतकं देईल याची खात्री नाही, पण जंतू नवा मिळत नाहीये आणि ती सावरते आहे. मध्यावरच्या गायींचं दूध थाळीत पातळ राहिलं. निघताना तो पुढच्या दाराने गेला, चहा घेऊन.

बाजाराच्या दिवशी व्यापारी सकाळी आला, धार चालू असतानाच. थोरला त्याला गोठ्यातच घेऊन आला. धाकटी ठिपकीच्या शेजारी उठून उभी राहिली, दाव्यावर हात ठेवून.

"वाटी दे," थोरला म्हणाला.

त्याने स्वतः वाकून मागच्या उजव्या सडाच्या चार धारा काढल्या आणि काळी वाटी दाराच्या उजेडात धरली. व्यापारीही वाकला. काळ्या तळावर दूध पांढरं आणि सलग होतं. थोरल्याने वाटी हलवली, पुन्हा पाहिली, तिसऱ्यांदा पाहिली. मग ती धाकटीच्या हातात दिली.

"गाय द्यायची नाही," तो व्यापाऱ्याला म्हणाला. "तुमची फेरी फुकट गेली, माझी चूक. चहा घेऊन जा."

व्यापारी जरा कुरकुरला, मग म्हणाला, निदान चहा तरी लवकर मिळू दे, मला पुढे जायचंय.

"लवकर नाही मिळणार," धाकटा म्हणाला आणि त्याच्यासाठी आणखी एक बादली पालथी घातली. "बसा."

तो बसला. गोठ्यातले सगळे कुठे ना कुठे टेकून होते, कुणी हलत नव्हतं, आणि मशीन तर बंद झालं होतं. "कुणासाठी थांबलोय आपण?" त्याने शेवटी विचारलं.

 टोकाला भिंतीशी म्हातारी गाय रवंथ करत उभी होती, आणि तिच्या पोटाला डोकं टेकून एक बाई सावकाश, अगदी सावकाश धार काढत होती. तिला कसलीही घाई नव्हती.